मंगल कार्यालयातली चमेली

पोलीस खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर एक प्रश्न हमखास विचारला जातो. साहेब, तुमची सगळ्यात मोठी केस कोणती? खून, दरोडे, फसवणुकीचे गुन्हे मीही तपासले. पण हा प्रश्न आला की माझ्या डोळ्यांसमोर चमेली उभी राहते आणि ती एकदा उभी राहिली की तिच्यामागचं दुसरं काही दिसत नाही. कारण चमेली ही हत्तीण होती. या लिखाणात मी कुठल्याही माणसाचं नाव घेणार नाही. हत्तिणीच्या अब्रूचा प्रश्न येत नाही, म्हणून तिचं तेवढं सांगितलं.

मी तेव्हा कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. बिऱ्हाड भिसेगावात होतं. एके दिवशी सकाळची हजेरी संपवून ड्यूटीचं वाटप करत होतो, तेवढ्यात वनखात्याच्या परिक्षेत्र अधिकारी बाई फाइल घेऊन आत आल्या. बाई मोजकं बोलणाऱ्या. खुर्चीत बसून त्यांनी शांतपणे सांगितलं की हत्ती गायब आहे. ठाणे अंमलदाराने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. सायकल गायब होते, म्हैस गायब होते, नवरा गायब होतो. हत्ती गायब झाल्याची तक्रार आमच्या ठाण्याच्या इतिहासात पहिलीच असावी.

प्रकार असा होता. लग्नाच्या वराती, रिसॉर्टची उद्घाटनं, पुढाऱ्यांच्या मिरवणुका यांना घोडे, रथ आणि हत्ती पुरवणारा एक ठेकेदार आमच्या भागात होता. साजगावात त्याचं गोडाऊन होतं आणि गोडाऊनच्या मागे चमेली बांधलेली असायची. तिचं मालकी प्रमाणपत्र त्याच्या नावावर नव्हतं, वाहतुकीचा परवानाही नव्हता. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा पुढच्या उजव्या पायाची नखं फुटलेली आणि तळवा सडत आलेला आढळला. तिला ताब्यात घेऊन पुनर्वसन केंद्रात हलवण्याचा आदेश निघायला दोन महिने लागले. वनखात्याचं पथक साजगावला पोहोचलं तेव्हा खुंटा होता, वाळलेलं शेण होतं, हत्तीण नव्हती. ठेकेदार म्हणाला, माहूत तिला घेऊन उत्तरेकडे आपल्या गावी गेला. कुठल्या गाडीने, हे मात्र त्याला आठवत नव्हतं.

बाईंनी फाइल मिटली आणि एवढंच म्हणाल्या, "महिन्याभरात उपचार सुरू झाले तर वाचेल. पाय गेला आणि ती खाली कोसळली, तर पुन्हा उठणार नाही."

गुन्हा नोंदवला. आमच्या लेखनिकाने सवयीने हरवलेल्या व्यक्तीचा नमुना काढला होता आणि तो रंग, उंची, अंगावरील खुणा असे रकाने भरत भरत अंगावरील कपडे या रकान्यापर्यंत येऊन अडला होता. मी त्याला थांबवलं. बातमी मात्र थांबली नाही. शेजारच्या ठाण्यांतून फोन येऊ लागले. हत्तीवरच्या जेवढ्या म्हणी मराठीत आहेत तेवढ्या सगळ्या मला त्या आठवड्यात ऐकवण्यात आल्या. मला राग यायचा, कारण मला बाईंचं ते वाक्य आठवायचं.

आम्ही नाके तपासले, टोलनाक्यावरची चित्रणं पाहिली, ट्रकवाल्यांना विचारलं. काही हाती लागलं नाही. ठेकेदाराला दोनदा बोलावलं. तो दोन्ही वेळा इस्त्रीच्या कपड्यात वकिलासह आला आणि तेच सांगून गेला. या धंद्यात एक गोष्ट मी शिकलो होतो, ती इथे उपयोगी पडली. खोटं बोलणारा माणूस प्रश्नाला घाबरत नाही, प्रश्न पुन्हा विचारला की कंटाळतो. ठेकेदार अगदी कंटाळला होता. त्यावरून हत्तीण जवळपासच आहे असं माझं मन मला सांगत होतं. पण मन सांगतं ते स्टेशन डायरीत लिहिता येत नाही.

खबर मिळाली ती अशा ठिकाणी, जिथे आम्ही ती शोधत नव्हतो. संकष्टीला महडच्या गणपतीला गर्दी असते आणि आमचे लोक बंदोबस्ताला जातात. त्या दिवशी आमच्या एका जुन्या हवालदाराची ड्यूटी तिथे होती. हा मनुष्य लोधिवलीच्या बाजूचा, बोलघेवडा, चहाच्या टपरीपासून देवळाच्या पायरीपर्यंत सगळीकडे त्याची ओळख. तिथे दुर्वा-फुलं विकणारी एक बाई त्याच्याजवळ कुरकुर करत होती. एक माणूस म्हणे दर चतुर्थीला टेंपो घेऊन येतो, अख्खी पाटीभर दुर्वा आणि जास्वंदी उचलतो, घासाघीस करत नाही, आणि देवळात पाऊलही न टाकता परत जातो. देवाच्या दारातून दुर्वा न्यायच्या आणि देवाला पाठ दाखवायची, याचा तिला मनापासून संताप आला होता. बरोबरचा दुसरा माणूस हिंदी वळणाचं मराठी बोलतो आणि केळीचे खांब कुठे मिळतील म्हणून विचारत फिरतो, हेही तिने सांगितलं.

हवालदार संध्याकाळी ठाण्यात परतला, टोपी काढून माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "सायेब, एकवीस जुड्यांत भागणारा देव आपला. पाटीभर दुर्वा खानारा गनपती कुठला, त्यो मला कळलाय असं वाटतंय."

मी खुर्चीतून उठलो आणि त्याची पाठ थोपटली. माझ्या नोकरीत मला मिळालेली ही सगळ्यात सुंदर खबर होती.

आता पुढच्या चतुर्थीपर्यंत थांबणं आलं. पंधरा दिवस. वनखात्याच्या बाईंनी सांगितलेल्या महिन्यातले निम्मे दिवस यातच जाणार होते. टेंपोचा नंबर फुलवाल्या बाईला ठाऊक नव्हता, माणसाचं नाव ठाऊक नव्हतं. विनायकीच्या दिवशी मी साध्या कपड्यात हवालदाराबरोबर महडला जाऊन बसलो. दहाच्या सुमारास टेंपो आला. चालक खाली उतरून पाटी भरू लागला. मागून एक वयस्क, वाळलेला माणूस उतरला आणि समोरच्या औषधाच्या दुकानात गेला. कापूस आणि जखम धुण्याची जांभळी पूड त्याने मागितली. एवढी की दुकानदाराने विचारलं, म्हैस आजारी आहे का?

इथे मी चूक केली. गपचूप टेंपोच्या मागे जायचं ठरलं होतं. पण तो माणूस माझ्या जवळून गेला आणि त्याच्या अंगाचा वास आला. सर्कशीच्या तंबूमागे येतो तो वास. माझा धीर सुटला आणि मी त्याचा दंड धरला. टेंपोवाल्याने ते पाहिलं आणि पाटी टाकून गाडी भरधाव पळवली. नंबरप्लेटवर चिखल होता. पंचवीस वर्षांच्या अनुभवी अधिकाऱ्याच्या हातात एक गप्प बसलेला माहूत आणि पाटीभर दुर्वा राहिल्या. हवालदार मान वळवून बराच वेळ देवळाच्या कळसाकडे पाहत राहिला.

ठाण्यात आणल्यावर माहूत म्हणाला, हत्ती नाही, मी मजूर आहे. तो मूळचा उत्तरेकडचा, पण आयुष्य आपल्याकडच्या गावागावांतून हिंडण्यात गेल्यामुळे मराठी चांगलं बोलायचा. मी दरडावून पाहिलं. कायद्याची कलमं सांगितली. त्याने मान हलवून ऐकून घेतलं. शेवटी मी वैतागून जेवायला उठलो आणि त्यालाही ताट द्यायला सांगितलं. परत येऊन पाहतो तर ताट तसंच होतं. भाकऱ्या मात्र दिसत नव्हत्या. त्या त्याने गमछ्यात बांधून ठेवल्या होत्या. आणि तो भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होता.

घड्याळ पाहणारा माणूस स्वतःसाठी घाबरलेला नसतो, त्याला कुणाकडे तरी जायचं असतं. मी कागद बाजूला सारले, खुर्ची त्याच्या शेजारी नेली आणि पहिल्यांदाच त्याला त्याच्या कामातला प्रश्न विचारला. पाय कसा आहे तिचा?

त्याने घड्याळावरची नजर काढली. मग त्याच्या तोंडून शब्द सांडायला लागले. सकाळ-संध्याकाळ जखम धुतो, तूप लावतो, कडुनिंबाचा पाला बांधतो, पण खाली फरशी आहे, पाणी साचतं, सुकत नाही. ती वर्ष-सव्वा वर्ष आडवी झालेली नाही. उभ्या उभ्या भिंतीला टेकून डुलकी काढते, कारण आडवी झाली तर उठता येणार नाही हे तिला कळतं. हे सांगताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं.

मग लपवतोस कशाला, असं मी विचारलं. त्यावर तो जे बोलला ते मी कधी विसरणार नाही.

"साहेब, तिला तुम्ही नेणार. मला कुठे सोडणार? ती लहान होती तेव्हापासून मी आहे. मालक तीन बदलले, मी बदललो नाही. तिला रात्री हाक मारायला माणूस लागतो."

माझी इतकी वर्षं चोर लपवणाऱ्यांशी गाठ पडली होती. इथे मालकासाठी कुणी काही लपवतच नव्हतं. ठेकेदाराने त्याला भीती घातली होती की सरकार हत्तीण नेईल आणि तुला तुरुंगात टाकेल. त्यातल्या तुरुंगाची त्याला फिकीर नव्हती.

मी तिथल्या तिथे परिक्षेत्र अधिकारी बाईंना फोन लावला. त्यांनी केंद्राशी बोलून दहा मिनिटांत उलट फोन केला. जुना माहूत बरोबर आला तर केंद्राला हवाच होता. त्याला राहायला खोली मिळेल, काम मिळेल, फक्त अंकुश वापरायचा नाही. मी हे माहुताला सांगितलं. त्याने ऐकलं आणि विचारलं, "गोल शिक्क्यावर द्याल?" त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. तोंडी शब्द त्याने तीन मालकांचे ऐकले होते. मी ठाण्याच्या कागदावर चार ओळी लिहिल्या, बाईंचं पत्र मेलवर मागवून त्याची प्रत जोडली, खाली सही केली आणि लेखनिकाने शाई भरून गोल शिक्का असा मारला की टेबल हललं. माहुताने तो कागद उलटसुलट पाहिला, खिशात ठेवला आणि उभा राहिला. म्हणाला, चला, तिच्या खाण्याची वेळ टळून गेली आहे.

लोधिवलीच्या पुढे, जुन्या हायवेपासून आत, एक मंगल कार्यालय अर्धवट बांधून पडलं होतं. कमान उभी, छप्पर झालेलं, दारं-खिडक्या नाहीत, सगळीकडे निळी ताडपत्री. त्या रस्त्याने मी किती वेळा गेलो असेन. ताडपत्री बाजूला सारली आणि आम्ही आत पाहिलं. पुढेमागे जिथे नवरानवरीच्या खुर्च्या मांडल्या जाणार होत्या तिथे, नव्या कोऱ्या शहाबादी फरशीवर, चमेली उभी होती. कपाळावर शेंदूर, गळ्यात जास्वंदीचा वाळलेला हार, पुढच्या दोन्ही पायांत साखळी. माहुताला पाहिल्याबरोबर तिने सोंड उचलून असा आवाज काढला की माझ्याबरोबर आलेले दोन्ही पंच कमानीबाहेर पोहोचले. त्याने गमछा सोडला आणि माझ्या ठाण्याच्या भाकऱ्या तिला एकेक करून भरवल्या.

राखणदार, म्हणजे तो टेंपोवाला, मागच्या खोलीत लपून बसला होता. त्याची बायको मात्र समोर आली. लुगड्याचा पदर खोचलेला, हातात पूजेचं तबक, आणि चेहऱ्यावर आमच्याबद्दलचा राग. बारा वाजून गेले, दुर्वा ठाण्यात अडकवून ठेवल्या, असं म्हणत ती हवालदारावरच घसरली. मी तिला विचारलं की बाई, मालकाने तुम्हाला गुपचूप राहायला सांगितलं होतं ना, मग चतुर्थीच्या चतुर्थीला महडहून पाटीभर दुर्वा आणायची बुद्धी कशी झाली?

ती म्हणाली, "मालक म्हनला कुनाला सांगू नका. आमी नाय सांगितलं. पूजा करू नका असं नाय म्हनला. दारात गनपती हुबा असताना चवथ कोरडी जाऊ द्यायची व्हय?"

हवालदाराने हात जोडले. मीही जोडले असते, पण अंगात वर्दी होती. ठेकेदाराने सगळा विचार केला होता. ट्रक कुठला, रस्ता कुठला, वकील कोण. फक्त आपल्या लोकांच्या घरासमोर हत्ती बांधला तर ते त्याला हत्ती म्हणून बघणार नाहीत, एवढं त्याला सुचलं नव्हतं. पुढे राखणदार आणि त्याची बायको दोघंही सरकारी साक्षीदार झाले. बाईने जबाब देताना तिथी अशा अचूक सांगितल्या की लेखनिकाला तारखा काढायला पंचांग मागवावं लागलं.

पंचनामा सुरू झाला. वनखात्याच्या माणसाने यंत्र लावून कातडीखालच्या चिपचा क्रमांक जुळवला आणि ओळख पटली. आमच्या मुद्देमाल कारकुनाने जप्तीचं लेबल पुढे केलं आणि अतिशय गंभीरपणे विचारलं की साहेब, हे चिकटवू कुठे? त्याला विनोद करायचा नव्हता. जप्त मालावर लेबल हवं हा नियमच आहे. शेवटी लेबल साखळीला बांधलं. हत्तीण वनखात्याच्या ताब्यात सुपुर्दनाम्यावर दिली आणि साखळी आमच्या मुद्देमाल खोलीत आली. ती उचलायला दोन शिपाई लागले. चमेली ती पायांत घेऊन चालायची.

साखळी सुटली तरी चमेली जागची हलली नाही. साखळीच्या मापाचंच पाऊल टाकायचं, हे तिच्या अंगात मुरलं होतं. डॉक्टर जखम धूत होते आणि राखणदाराची बायको पलीकडून गुळाची ढेप घेऊन उभी होती. गोड बंद, असं डॉक्टरांनी बजावल्यावर तिने ढेप पदराआड केली. मी पाहिलं, पण नोंद घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हत्ती वाहून नेणारी खास गाडी आली. तोवर ही बातमी चौक गावापासून खोपोलीपर्यंत गेली होती. लोक केळी, ऊस, कलिंगडं घेऊन येत होते. चौकचा एक फळवाला मुसलमान व्यापारी अख्खा टेंपो भरून कलिंगडं घेऊन आला आणि म्हणाला, साहेब, हिच्यासमोरून मी लहानपणी घाबरून पळालो होतो, आज माफी मागायला आलोय. ती हत्तीण वेगळी असणार हे त्यालाही ठाऊक होतं. दोरी बांधून गर्दी आवरता आवरता माझे शिपाई घामाघूम झाले, पण त्या दिवशी एकाचाही आवाज चढला नाही.

चमेली गाडीला लावलेल्या उतरत्या फळीवर एक पाय ठेवायची आणि मागे घ्यायची. असं तीन तास चाललं. दुखरा पाय टेकला की तिचं सगळं अंग थरथरायचं. कुणीतरी क्रेनचं नाव काढलं. ते ऐकून माहूत पुढे आला, कमरेचा अंकुश काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, साहेब, हा पण जमा करून घ्या. मग तो एकटाच गाडीत चढला, आतल्या गवतावर तिच्याकडे पाठ करून बसला आणि गप्प राहिला. हाक नाही, इशारा नाही. गर्दीही आपोआप शांत झाली. चमेलीने सोंड लांब करून त्याच्या पाठीपर्यंत नेली. पोहोचली नाही. तिने पाऊल उचललं, दुखरं पाऊल, आणि टेकलं. मग दुसरं. गाडी तिच्या वजनाने खचली आणि ती आत होती.

काय सांगू, वरात निघावी तसा जल्लोष झाला. राखणदाराच्या बायकोने गाडीलाच ओवाळलं. परिक्षेत्र अधिकारी बाई, ज्यांना मी कधी हसताना पाहिलं नव्हतं, हसत होत्या आणि त्याच वेळी रुमाल शोधत होत्या. मी माझा दिला. तो परत आला नाही.

ठेकेदाराविरुद्ध दोषारोपपत्र गेलं. खटला न्यायालयात आहे, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

निवृत्त झाल्यावर पत्नीला घेऊन मी त्या केंद्रात गेलो. राज्याबाहेर आहे, लांबचा प्रवास आहे. वाटेत मी तिला एक गोष्ट सांगत होतो. इतकी वर्षं मी समोरच्याला विचारत आलो की तू काय केलंस. तू काय गमवायला घाबरतोस, हे फार थोड्यांना विचारलं. ते विचारलं असतं तर कितीतरी तपास लवकर संपले असते, आणि काही माणसांना मी उगाच दरडावलं नसतं. याचं मला वाईट वाटतं. पण उशिरा का होईना, हा प्रश्न मला एका हत्तिणीच्या पायाने शिकवला, याचा आनंद त्याहून मोठा आहे.

दुपारची वेळ होती. झाडांखाली मऊ वाळूचा मोठा ढीग घातला होता आणि माहूत त्याच्या कडेला बसला होता. मला पाहून तो उठला, पण नमस्कार करायला पुढे आला नाही. त्याने ओठांवर बोट ठेवलं. मी पलीकडे पाहिलं. वाळूवर एका कुशीवर, चारही पाय सैल सोडून, चमेली आडवी झोपली होती आणि चक्क घोरत होती.

"साहेब, हळू," तो कुजबुजला. "आत्ताच डोळा लागलाय."

ज्याच्या आवाजाने अख्खं ठाणं खडबडून उभं राहायचं तो मी, चपला काढून हातात घेऊन पत्नीच्या मागोमाग अनवाणी परत फिरलो.